चहा खाण्यात धरत नाहीत

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ‘मावशी, काही खाल्लंत का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘नाही’. खोटं नसतं ते. कपभर चहा झालेला असतो, मिश्री लावून झालेली असते. पण त्याला खाणं कोण म्हणतं? आपल्याकडे उपासालाही चहा चालतो. म्हणून मी विचारते, ‘उठल्यापासून तोंडात काय काय घातलंत?’ मग खरी यादी बाहेर येते.

मी सिस्टर आहे ते कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, पण वॉर्डात मुंब्रा-दिवा भेटतं तसं शहापूर-मुरबाडही. सूचनांचा कागद सगळ्यांना एकच देता येतो. समजावणं मात्र खाटेगणिक बदलतं. नुसता ‘उपाशी राहा’ हा हुकूम कुणी मनावर घेत नाही, कारण सांगितलं तर पाळतात. भूल दिली की ठसका लागत नाही. पोटातलं वर आलं तर सरळ फुफ्फुसात उतरतं. कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरांनी १९४६ साली बाळंतिणींच्या बाबतीत हे मांडलं. जेवण निदान ६ तास आधी बंद, दूध आणि दुधाचा चहाही त्याच हिशेबात. साधं पाणी मात्र भूलतज्ज्ञ हो म्हणाले तर २ तास आधीपर्यंत चालतं.

मंगळसूत्राचा विषय मी आदल्या संध्याकाळी काढते, घरची माणसं भेटायला आलेली असताना. ऑपरेशन थिएटरच्या दारात घाईघाईनं ते उतरवायला लावणं मला पटत नाही. रक्त थांबवायच्या विजेच्या कॉटरीमुळे अंगावरच्या धातूपाशी भाजू शकतं, हे कळलं की बहुधा सासूच हात पुढे करते. कवळी आणि नेलपॉलिशला एवढं बोलावं लागत नाही.

खरा वेळ जातो तो खोकायला शिकवण्यात. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं, पडल्या पडल्या घोटे हलवायचे, तीन गोळ्यांच्या यंत्रातून श्वास आत ओढायचा. (आधी सगळे फुंकतातच.) हे दुखत नसतानाच शिकवायला हवं, टाके पडल्यावर कोण ऐकतंय? एकदा करून घेतलं की मी खाटेवर बसते आणि म्हणते, ‘आता मी पेशंट, तुम्ही सिस्टर. शिकवा मला.’ काय डोक्यात शिरलं नि काय नाही, ते तिथेच दिसतं.

‘काही दुखणार नाही गं’ म्हणणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांचा मला रागच येतो. दुखणार. बोस्टनमध्ये लॉरेन्स एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांपैकी काहींना दुखणं कुठे होईल, किती टिकेल, काय केलं की हलकं होईल हे नीट सांगितलं. त्यांना ऑपरेशननंतर वेदनाशामक जवळजवळ निम्मंच लागलं. हे १९६४ साली छापून आलंय, तरी वॉर्डात अजून ‘घाबरू नका’वरच भागवलं जातं.

भेटीची वेळ संपून माणसं गेली की बायका हळूच मनातलं विचारतात. ‘भुलीत काही भलतंसलतं बोलले तर?’ पूर्ण भूल असेल तर मी सांगते, घशात नळी असते, बोलणार कशा? कमरेत इंजेक्शन देणार असतील तर जाग राहते, हेही आधीच सांगून टाकते. ‘मधेच जाग आली तर?’ हा प्रश्न मात्र भूलतज्ज्ञांचा. तो मी पुढच्या पाळीला ओव्हर देताना खाट नंबरासकट सांगते, म्हणजे सकाळी त्या बाईंना पुन्हा धीर गोळा करावा लागत नाही.