दाब किती आणि कोणाचा? : ‘प्रेस’ला अनावृत पत्र

प्रिय प्रेस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, नाशिकमध्ये तुझा पत्ता विचारला की समोरचा आधी उलट विचारतो, ‘कुठली प्रेस?’ फक्त नाशिकरोडला हा प्रश्न पडत नाही. तिथे प्रेस म्हणजे नोटांची, नाहीतर तिची थोरली बहीण, टपाल तिकिटांची. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढ्या शब्दांवर तिथे कितीतरी सोयरिकी जुळल्या. तोच मुलगा गांधीनगरचा असेल, तर तो सरकारी कागद छापणाऱ्या भारत सरकारच्या प्रेसमध्ये. सातपूर-अंबडचा असेल, तर पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर. आणि मोटारसायकलवर तुझं नाव लाल अक्षरांत मिरवत असेल, तर तो वार्ताहर, किंवा वार्ताहराचा मेहुणा. लाँड्रीवाल्याला विचारशील तर तू म्हणजे कडक इस्त्री, बचत गटाच्या बायकांना विचारशील तर पापडाचं यंत्र. ‘प्रेस नोट’ म्हटल्यावर पुढाऱ्याचं पत्रक आलं की करकरीत पाचशेची नोट, हे तर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखायचं.

एवढी सोंगं, पण तुझं काम एकच: दाबणं. लॅटिनमधून निघालीस तेव्हाही तुझा अर्थ हाच होता. पंधराव्या शतकात जर्मनीतल्या माइंझ शहरी योहान गुटेनबर्गने छपाईचं यंत्र उभारलं, ते द्राक्षं पिळायच्या मळसूत्री प्रेसच्या धर्तीवर. म्हणजे द्राक्षाची प्रेस आणि छापण्याची प्रेस एकाच घराण्यातल्या. आज दोघी नाशिकमध्ये नांदतात, हे तुझं आमच्याशी नातं.

हे नातं नेहमी गोडीगुलाबीचं नव्हतं. १९०९ साली नाशिकच्या क्रांतिकारक बाबाराव सावरकरांना कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली. त्याचा बदला म्हणून त्याच वर्षी २१ डिसेंबरला इथल्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्याच फेब्रुवारीत इंग्रज सरकारने प्रेस ॲक्ट आणला. नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये तारण मागता येईल आणि मजकूर आक्षेपार्ह वाटला तर ते जप्त करता येईल, अशी तरतूद त्यात होती. या तारणाला कायद्यात ‘सिक्युरिटी’ म्हणत. गंमत बघ, प्रेसकडून सिक्युरिटी मागणाऱ्या त्याच सरकारने पंधरा वर्षांनी, १९२५ मध्ये, नाशिकरोडला स्वतःची ‘सिक्युरिटी प्रेस’ काढली! तोवर लंडनहून छापून येणारी तिकिटं इथे छापली जाऊ लागली. १९२८ मध्ये शेजारीच नोटांची प्रेस आली. स्वातंत्र्यानंतर २१ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जय हिंद’ लिहिलेलं, तिरंग्याचं तिकीट निघालं, तेही इथूनच. आणि फाळणी झाल्यावर पाकिस्तानची स्वतःची छपाई सुरू होईपर्यंत, आपल्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव उमटवायचं कामही इथेच झालं. तू कोणाची, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर काय उत्तर दिलं असतंस?

दाब कोणाचा, हा प्रश्न तुझ्या पाठी असा जुनाच लागलेला आहे. म्हणून तुझ्या ज्या रूपांनी दाबाला शिस्त लावली, त्यांच्याकडे नीट बघावंसं वाटतं. वायनरीत पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आडव्या टाकीत भरतात. आतला रबरी पडदा हवेने हळूहळू फुगतो, द्राक्षं कडेला रेटली जातात आणि रस गळतो. घाई केली, जास्त दाबलं, की सालीबियांचा तुरटपणा रसात उतरतो. तिथला जाणकार दाबण्यापेक्षा थांबण्यात मुरलेला असतो.

कारखान्यातल्या पॉवर प्रेसवर तर थांबण्याची सोय यंत्रातच केलेली असते. कामगाराच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण. दोन्ही तळहात एकाच वेळी दोन्ही बटणांवर पडल्याशिवाय वरचा दट्ट्या खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर असले, म्हणजे डायखाली एकही नाही. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचं आणि रिकाम्या हाताने माल सरकवायचा, ही उत्पादन वाढवण्याची युक्ती बोटांवर बेतते.

नोटांच्या प्रेसमध्ये चुकीची छपाई गेटबाहेर पडू नये म्हणून तपासणी असते. बाद झालेल्या नोटेच्या जागी बंडलात दुसरी जाते. २००६ पासून अशा बदली नोटेच्या क्रमांकात, अक्षरं आणि आकडे यांच्या मध्ये, एक छोटी चांदणी छापू लागले. शंभर नोटांचं बंडल शंभराचंच राहतं, आणि इथे एक चुकली होती, हे नोट स्वतःच सांगते.

आता तुझ्या सर्वांत बोलक्या रूपाकडे वळतो. दादासाहेब पोतनिसांच्या ‘गावकरी’ने या जिल्ह्याला पेपर वाचायची सवय लावली, त्या परंपरेबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच हे लिहितोय. मराठीत बातमी छापतात आणि बातमी दाबतातही. छापायलाही दाब लागतो आणि न छापायलाही. पहिला यंत्राचा, दुसरा जाहिरातदाराचा, बिल्डरचा, नगरसेवकाचा, कधी मालकाचा. चुकलेली बातमी सकाळी घरोघर पोचते, तिची दुरुस्ती दोन दिवसांनी आतल्या पानावर, निविदा सूचनेच्या खाली. बातमीला चांदणी लावायची पद्धत काही निघाली नाही. नोट चुकली तर एकाचं नुकसान. बातमी चुकली तर एखाद्याची अब्रू जाते, आणि ती बदलून द्यायला कुठलीच खिडकी नाही.

तेव्हा तुझ्याकडे एकच मागणं आहे. तुझं नाव गाडीवर लावणाऱ्या प्रत्येकाला आधी आठवडाभर अंबडच्या प्रेस शॉपमध्ये उभं कर. बटणं दोन का असतात, हे कळलं, की मग खुशाल दे स्टिकर. एक हात बातमीवर आणि दुसरा टेबलाखाली, अशा माणसाला मात्र मशीन चालू करू देऊ नकोस.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
एक नाशिककर