टोपीची पिन

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत बर्था बेंझवर बोलून मी टाळ्या मिळवल्या. 'कार्ब्युरेटरचा जेट तुंबला, बाईंनी टोपीची पिन काढली नि जेट साफ केला!' हे वाक्य तर मी हात उंचावून म्हटले होते.

परवा बाबांची जुनी स्कूटर भर उन्हात बंद पडली. किका मारून पाय दुखले. मेकॅनिककाकांनी कार्ब्युरेटर उघडला, इवलासा जेट उजेडाकडे धरला आणि फुंकर मारली. "काका, पिन घाला की! बर्थाबाईंनी तेच केलं होतं."

"पिनेनं भोक मोठं होतं. मग गाडी पेट्रोल पिते," काका म्हणाले.

घरी येऊन पुन्हा वाचले आणि वरमायला झाले. बर्थाबाईंच्या गाडीत जेट नव्हताच! जेटमधून इंधन फवारणारा कार्ब्युरेटर मायबाखने केला तो १८९३ मध्ये. बाई निघाल्या ऑगस्ट १८८८ मध्ये. त्यांचा कार्ब्युरेटर म्हणजे लिग्रोइनचे भांडे. त्यावरून हवा जायची आणि वाफ घेऊन इंजिनात शिरायची. पण लिग्रोइनचा हलका अंश आधी उडून जाई, जड तेवढा मागे उरे. धक्क्यांनी ते हिंदकळे, की मिश्रण बिघडले. अंगणात चार चकरा मारून या खोडी कशा कळणार?

त्या कळायला कार्ल बेंझ यांना न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरांवर माहेरी जावे लागते! वाटेत वीसलोखला औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतले. विजेची तार उघडी पडली, तिला मोज्याचा बंध गुंडाळला. चढावर मुलांनी गाडी ढकलली. आणि पिन घातली ती तुंबलेल्या इंधनाच्या नळीत. नळीला पिनेचे भय नसते.

म्हणजे बाई बरोबर, काकाही बरोबर. चुकीचे होते ते माझे टाळ्यांचे वाक्य. (बक्षिसाचा पेला अजून कपाटावर आहे. परीक्षकांनी क्षमा करावी.)

काल मुद्दाम काकांकडे जाऊन हे सांगितले. त्यांनी हातातला फ्लोट वर-खाली करून दाखवला. "हा पातळी धरतो," ते म्हणाले. मग जरा थांबून विचारले, "पण गाडी पोचली का?"

"पोचली. पोचल्यावर नवऱ्याला तार केली."

"अन् परत?"

"परतही गाडीनंच."

काका हसले आणि पुढच्या स्कूटरचे झाकण उघडू लागले.