निष्ठेचा हिशेब

'निष्ठा' हा शब्द आपण जपून वापरतो. पतिपत्नींमधील निष्ठा, तत्त्वावरील निष्ठा, श्रद्धेवरील निष्ठा अशा मोजक्या ठिकाणीच तो शोभतो. अलीकडे मात्र तो बाजारपेठेत येऊन बसला आहे. मोबाईलवरील ॲपमधून प्रवासाचे तिकीट काढताच 'लॉयल्टी पॉइंट' जमा झाल्याचा संदेश येतो. लॉयल्टी म्हणजे निष्ठाच. व्यापाऱ्याने नेहमीच्या गिऱ्हाइकाची कदर करावी, यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की ही कदर नेमकी कोणाची होते?

या प्रथेचा गाजलेला आरंभ 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने केला. प्रवाशाने कापलेले मैल मोजावयाचे व त्या बदल्यात सवलत द्यावयाची, अशी ती योजना होती. पुढे 2016 मध्ये त्याच कंपनीने मैलांऐवजी तिकिटाच्या किमतीनुसार गुण देण्यास प्रारंभ केला. वरवर हा बदल किरकोळ वाटेल. परंतु तेव्हापासून माणूस किती फिरला यापेक्षा त्याने किती पैसा मोजला, याला महत्त्व आले. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मापातील उणीव समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडेही हेच माप रुळले आहे. रेल्वे तिकिटांसाठी निघालेल्या स्टेट बँकेच्या क्रेडिट कार्डाची ठळक सवलत वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर मिळते. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसच्या स्लीपर डब्यात रात्र काढणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही.

आमच्या भागातील एक कुटुंब दर महिन्याला उपचारांसाठी मुंबईस जाते. घरात साधा फोन असल्यामुळे तिकीट शेजारच्या तरुणाच्या मोबाईलवरून निघते. रात्रभराचा प्रवास सोसतात हे, आणि गुण साचतात त्याच्या खात्यात. तरुण सज्जन आहे. परंतु ते गुण या कुटुंबाच्या नावे करण्याची सोय त्या ॲपमध्ये नाही. अखेरीस मुदत संपून ते गुणही गेले. ना त्याच्या कामी आले, ना यांच्या.

याउलट आपल्या एस.टी.चा मासिक पास पाहा. वीस दिवसांचे भाडे भरावे आणि तीस दिवस प्रवास करावा, हा त्याचा नियम. औसा-लातूर वा मुदखेड-नांदेड अशी रोज ये-जा करणाऱ्या नोकरदाराला आपला लाभ आधीच कळतो. तो बोटांवर मोजता येतो, आणि ज्याच्या नावाचा पास त्यालाच मिळतो. मूठभर शब्दांत सांगता येणारी ही योजना निष्ठेची खरी कदर करते, कारण ती दररोजच्या येण्याजाण्याची दखल घेते. 1 जुलै 2025 पासून महामंडळाने दीडशे किलोमीटरहून लांबच्या प्रवासाचे आगाऊ आरक्षण करणाऱ्या पूर्ण तिकीटधारकांना पंधरा टक्के सूट देऊ केली. तिचेही स्वागतच आहे. मात्र दिवाळी व उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत ती लागू नाही. पुण्याहून लातूरला परतणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि मजुरांना नेमकी तेव्हाच तिची निकड असते.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली आज पुणे आणि हैदराबाद येथे संगणक कंपन्यांत काम करतात. अशी ॲप्स घडविणारे हात त्यांचेही असतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. रुपयांबरोबर खेपाही मोजा. मोबाईल कोणाचा हे न पाहता, तिकिटावर नाव कोणाचे ते पाहा. मुदत संपण्यापूर्वी साध्या फोनवरही समजेल असा मराठी संदेश पाठवा. आणि बक्षीस असे द्या, की ते गरजेच्या दिवशी हाती लागेल.

काहींना हे व्यवहारशून्य वाटेल. कंपनी नफ्यासाठीच चालते, हे मलाही ठाऊक आहे. परंतु ज्या गिऱ्हाइकाला आपला हिशेब कळतो, तेच पुन्हा येते, हे तर आपल्या आठवडी बाजारातील भाजीवालीही जाणते. निष्ठा मागणाऱ्याने आधी स्वतः निष्ठावान असावे लागते. हा नियम माणसांना जसा लागू आहे, तसाच तो माणसांनी घडविलेल्या यंत्रणांनाही लागू आहे.