पूर्ण बाह्यांची शेरवानी

गेल्या वर्षी मे महिन्यात एका आप्तांच्या विवाहसमारंभात आमचा पंधरा वर्षांचा नातू भर मांडवात कोसळला. अंगात जाड कापडाची, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली पूर्ण बाह्यांची शेरवानी होती. अंग चटके बसावेत इतके तापलेले, पण घामाचा टिपूस नव्हता. रुग्णालयात ताप १०४ अंश भरला. ती शेरवानी घालण्याचा आग्रह माझा होता. चार लोकांना त्याची त्वचा दिसू नये, एवढाच त्यामागील हेतू.

त्याला जन्मतःच 'लॅमेलर इक्थिओसिस' ही व्याधी आहे. जन्मला तेव्हा सर्वांगावर चकचकीत कागदासारखा ताणलेला पापुद्रा होता. काही आठवड्यांत तो गळून पडला आणि खाली मोठे, करडे खवले राहिले. ग्रीक भाषेत 'इक्थिस' म्हणजे मासा. त्यावरून हे नाव. नवापूरच्या किनाऱ्यावर राहूनही पिढ्यान्‌पिढ्या मासळी न शिवलेल्या घरात या नावाची व्याधी यावी, यावर प्रथम हसला तो नातूच. मला मात्र हसू आले नाही. २०१६ साली नागपुरात याच व्याधीच्या 'हार्लेक्विन' या अत्यंत उग्र प्रकाराचे बाळ जन्मले आणि दोन दिवसांत गेले. ती बातमी सूनबाईंच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी त्या दिवशीचे वृत्तपत्र दडवून ठेवले होते. दडवण्याची सवय अशी जुनी.

हा रोग संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही. नातवाच्या बाबतीत दोष 'टीजीएम१' या जनुकात आहे. त्याचा या व्याधीशी असलेला संबंध १९९५ मध्ये उघड झाला. त्वचेचा वरचा थर नीट बांधला जात नाही, मृत पेशी वेळेवर गळत नाहीत, साचलेल्या खवल्यांखाली घामाची रंध्रे कोंडतात. म्हणूनच उन्हाळा त्याचा वैरी. आता शाळेच्या दप्तरात पाण्याची फवारणी-बाटली आणि ओला पंचा असतो. मैदानावरील तास तो सावलीत घालवतो.

रोजची निगा हे एक वेगळेच खाते आहे. सायंकाळी अर्धा तास कोमट पाण्यात बसायचे, मऊ झालेले खवले हलक्या हाताने काढायचे आणि अंग ओलसर असतानाच मलम चोपडायचे. अंग कोरडे झाले की मलमाचा निम्मा गुण गेला. यूरियायुक्त मलम खवले सोडवते, परंतु भेगांवर झोंबते; तेथे साधी पेट्रोलियम जेलीच बरी. सॅलिसिलिक आम्लाचे मलम मनाने सर्वांगास लावू नये, ते रक्तात शोषले जाते. पापण्या ताणल्या जात असल्याने रात्री डोळ्यांत मलम घालावे लागते. कानात खवले साचून ऐकू कमी येते, म्हणून दर काही महिन्यांनी तेही काढून घ्यावे लागतात. आणखी एक गोष्ट आम्हांस उशिरा कळली. मलम मुरलेले कपडे व चादरी चटकन पेट घेतात, त्यामुळे दिवा-आरतीच्या वेळी तो दोन पावले मागे उभा राहतो.

आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न पाण्याचा होता. पाणी तुपासारखे वापरावे, हे त्यांचे आयुष्यभराचे वळण. रोज एवढे पाणी एका स्नानाला? मलमांचेही त्यांनी बारकाईने विचारले. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघते, हे समजल्यावर दुकानदाराला लेबले वाचून दाखवायला लावली. पाण्यापुढे मात्र त्यांनी माघार घेतली. उरलेले पाणी अंगण धुण्यास वापरतात आणि बादल्या मोजणे सोडले नाही ते नाहीच.

आता खरी गोष्ट. नातीचे वय तेवीस, तिच्यासाठी स्थळे येऊ लागली. ही व्याधी आई व वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आले तरच होते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास ती होण्याची शक्यता २५ टक्के. निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. मात्र जोडीदारही वाहक असेल तरच पुढील पिढीला धोका, आणि ते रक्ततपासणीने कळू शकते. आपले सोयरसंबंध ठरावीक घराण्यांतच फिरतात, तेव्हा ही तपासणी अनाठायी म्हणता येणार नाही. हे सारे कळूनही मी म्हणालो, "आधी ठरू दे, मग सांगू." बँकेत कर्जदाराने असे दायित्व लपवले असते, तर मीच त्याचे प्रकरण परत पाठवले असते.

नात म्हणाली, "आजोबा, मग दादूला त्या दिवशी पुन्हा शेरवानी घालणार का?"

पहिल्या स्थळाला तिने स्वतःच सर्व सांगितले. त्यांनी निरोप पाठवतो म्हटले. निरोप आला नाही. सूनबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. नातू खोलीतून बाहेर येईना, आपल्यामुळे ताईचे मोडले असे त्याने मनाशी धरले होते. ताईने दार वाजवून त्याला चहा दिला आणि तपासणीचा कागद दाखवला. तीही वाहक निघाली होती.

दुसरे लोक येत्या रविवारी विरारहून येणार आहेत. त्यांना फोनवरच कल्पना दिली; मुलाने तपासणीस होकार कळवला आहे, पुढचे पुढे. नातवासाठी अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा मी काल बोईसरहून आणला. रंग त्याला पसंत नाही, उद्या बदलून आणणार आहे.