एकाच गल्लीतली दोन वर्षे

(१) या मालिकेत आपण आजवर किल्ले, ताम्रपट आणि लढाया पाहिल्या. आज थोडे वेगळे लिहितो. विद्यापीठात मराठवाड्याचा इतिहास शिकताना जे पुस्तकात सापडले नाही, त्याविषयी.

(२) पहिल्या वर्षी आम्ही हा प्रदेश थराथरांनी शिकलो. पैठण आणि तेर यांचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे. वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात आहेत. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, आफ्रिकेतून आलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला. पुढे सव्वादोनशे वर्षे निजामाची सत्ता. एवढे सगळे परीक्षेपुरते पाठ होते.

(३) दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायचा होता. घरच्या ट्रंकेत पणजोबांच्या जमिनीचे कागद होते, सगळे उर्दूत. हैदराबाद संस्थानात बहुसंख्य मराठी मुलांचेही वरचे शिक्षण आणि सरकारी कामकाज उर्दूतच चाले. कागदांवरची वर्षे फसली सनातली. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळते. एका कागदावर १३५७ फसली होते. म्हणजे १९४७-४८.

(४) हे कागद वाचून घेण्यासाठी मी शेजारच्या खालांकडे गेलो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावात त्यांचे आणि आमचे घर समोरासमोर. कागद वाचून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "हा ॲक्शनच्या आधीचा."

(५) माझी आजी त्याच वर्षाला 'रझाकार' म्हणते. "रझाकारात आम्ही बार्शीला पळालो," एवढेच तिचे वाक्य. बार्शी तेव्हा मुंबई प्रांतात, सरहद्दीपलीकडे. रझाकारांच्या जुलमामुळे सीमेवरच्या गावांतून असंख्य कुटुंबे तिकडे गेली होती. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील.

(६) १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या जनतेचा तो विजय होता. आपण १७ सप्टेंबरला ध्वजवंदन करतो, ते योग्यच आहे. आजीचे 'रझाकार' त्या दिवशी संपले. खालांची 'ॲक्शन' त्या आठवड्यात सुरू झाली.

(७) त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. मृतांचा तिचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, असे ती सांगते. रझाकारांचे अत्याचारही तिने नोंदवले आहेत, आणि शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणारे हिंदूही.

(८) उस्मानाबाद म्हणजे माझा जिल्हा. अहवाल वाचून मी आजीला विचारले, "खालांच्या घरचे कोण गेले?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिचा बाप. आम्ही बार्शीला गेलो तेव्हा आमची गाय त्यानंच सांभाळली होती. परत आलो तर गाय होती, तो नव्हता. चावडीमागच्या विहिरीचं पाणी आम्ही पुढं प्यालो नाही." सत्तर वर्षे ती विहीर ओलांडून ही दोन घरे एकमेकींकडे साखर-पीठ मागायला जात होती.

(९) वर्गात हे मांडले तेव्हा एका मित्राने विचारले, "मग तुझ्या मते मुक्ती झालीच नाही का?" झाली. ती झाली नसती, तर हा प्रश्न मराठीतून विचारणारा वर्गही कदाचित नसता. पण एक दुःख मोजले म्हणजे दुसरे पुसले जाते, असा हिशेब इतिहासात नसतो. कारणे शोधणे म्हणजे समर्थन नव्हे, आणि एका बाजूची जखम नोंदवणे म्हणजे दुसऱ्या बाजूशी बेइमानी नव्हे.

(१०) सामूहिक स्मृती हा शब्द आपण एकवचनी वापरतो. आमच्या गल्लीत तरी ती दोन नावांनी राहते, आणि प्रत्येक नाव दुसऱ्याचा अर्धा भाग झाकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांतले एक निवडू नये. दोन्ही घरांत जाऊन बसावे, आणि जे बोलले जात नाही त्याचीही नोंद ठेवावी.

(११) प्रबंध देण्याआधी मी दोघींची संमती मागितली. खाला म्हणाल्या, "गावाचं नाव नको घालू." आजी म्हणाली, "गायीचं मात्र लिही."

दोन्ही पाळले आहे.