कमेंटमधलं जुनं लॉक

९ जून
लिनक्स कर्नलमधल्या एका फाइलसिस्टिमचा कोड वाचायला घेतला. एका फंक्शनच्या डोक्यावर कमेंट आहे: आय_म्यूटेक्स घेतलेला असावा. पण जुलै २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून आयनोडमध्ये हे लॉक उरलेलंच नाही; त्याच्या जागी आय_आरडब्ल्यूसेम आलं. कोडमध्ये जुनं नाव राहिलं असतं तर कंपायलर अडला असता. कमेंट तो वाचत नाही.

१० जून
गिट ब्लेम पाहिलं. ही ओळ शेवटची बदलली जानेवारी २००६ मध्ये, आय_सेमचं आय_म्यूटेक्स झालं तेव्हा. त्या वेळी नुसतं नाव बदलणं पुरेसं होतं, कारण दोन्ही लॉक एका वेळी एकालाच मिळायची. आय_आरडब्ल्यूसेमचं तसं नाही. वाचणारे अनेक जण ते एकत्र धरू शकतात, लिहिणाऱ्याला मात्र ते एकट्यालाच लागतं. एकाच डिरेक्टरीत अनेक प्रोसेसना एकाच वेळी नावं शोधता यावीत, यासाठीच तो बदल झाला. म्हणजे आता ‘लॉक घेतलेलं असावं’ हे वाक्यच अपुरं आहे. कोणत्या तऱ्हेने घेतलेलं, हेही सांगायला हवं.

११ जून
दिवस या फंक्शनचे कॉलर, म्हणजे त्याला बोलावणारा कोड, तपासण्यात गेला. फाइल तयार करणं, काढून टाकणं या वाटांवर डिरेक्टरीचं लॉक लिहिण्यासाठी घेतलं जातं, लुकअपमध्ये, म्हणजे नाव शोधताना, वाचण्यापुरतं. आपलं फंक्शन पहिल्याच वाटांवर येतं आणि डिरेक्टरीतली नोंद बदलतं. जुन्या कमेंटवर विसंबून कुणी ते लुकअपमधून बोलावलं, तर दोघं एकाच वेळी ती नोंद बदलतील आणि डिरेक्टरी बिघडेल.

१२ जून
कमेंट नव्याने लिहिली: आय_आरडब्ल्यूसेम लिहिण्यासाठी घेतलेलं असावं. दुसऱ्या, वेगळ्या पॅचमध्ये तीच अट लॉकडेपच्या, म्हणजे कर्नलमधल्या लॉक तपासणाऱ्या यंत्रणेच्या, तपासणीने कोडमध्ये घातली. लॉकडेप चालू असलेल्या कर्नलमध्ये अट मोडली की लगेच इशारा मिळेल.

१४ जून
चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालवून दोन्ही पॅच मेंटेनरकडे पाठवले. वर्णनात कॉलरची सगळी साखळी मांडली, म्हणजे तपासणाऱ्याला माझ्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. अशा पॅचला किरकोळ म्हणतात, ते मला पटत नाही. लॉकबद्दलची कमेंट हा फंक्शन आणि त्याला बोलावणारा यांच्यातला करार असतो. कराराची अट बदलली की तो नव्याने लिहावा लागतो, आणि त्यासाठी आधी कोड समजून घ्यावा लागतो. याच फाइलमध्ये आय_म्यूटेक्स अजून बऱ्याच ठिकाणी आहे. प्रत्येक ठिकाणचे कॉलर वेगळे, म्हणून प्रत्येकाची तपासणीही वेगळी करायची.