इटलीतल्या आगगाड्या आणि माझी हिशेबाची वही

मैत्रिणींनो, परदेशी जायचं ठरलं की आपली तयारी कुठून सुरू होते? विमानाच्या तिकिटाची चौकशी, थंडीचे कपडे आणि चिवड्याचे डबे! तिथं पोचल्यावर एका गावाहून दुसऱ्या गावाला कसं जायचं, हा प्रश्न मात्र ‘गेल्यावर बघू’ म्हणून मागे पडतो. आणि नेमका तिथंच पैसा हातातून निसटतो.

आमचंही तसंच झालं असतं. ह्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. सहल-कंपनीचा आकडा ऐकून आम्ही दोघंही गप्प बसलो. शिवाय सकाळी सहाला बॅग दाराबाहेर, आठला बस, ही धावपळ ह्यांना झेपणारी नव्हती. दोन वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टर म्हणाले, “खुशाल जा, पण जड ओझं उचलायचं नाही आणि धावायचं नाही.” मग आम्ही ठरवलं, देश एकच, इटली. दिवस बारा. शहरं चार : रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान. आणि मधला सगळा प्रवास आगगाडीनं.

ही चार शहरं निवडण्यात सोय होती. ती एका ओळीत येतात. वेगाच्या गाडीनं रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर आणि व्हेनिस ते मिलान सुमारे अडीच तास. म्हणजे कुठलाच टप्पा मुंबई-पुण्याहून लांब नाही. शिवाय विमान रोमला उतरणारं आणि मिलानहून निघणारं घेतलं, म्हणजे आल्या वाटेनं परत जायला नको.

पास घ्यावा की सुटी तिकिटं?

ओळखीतल्या एकांनी सांगितलं, “डोळे मिटून युरेल पास घ्या.” मी डोळे उघडे ठेवून वही घेतली. आम्हाला मोठे प्रवास तीन आणि एखादी छोटी सहल करायची होती. तेवढ्यासाठी दोघांचा पास महाग पडत होता. त्यातही इटलीतल्या वेगाच्या गाड्यांना पास असला तरी आसनाचं आरक्षण वेगळं करावं लागतं. त्याचे माणशी दहा युरोंहून जास्त, दर गाडीला! शिवाय तिथं ‘फ्रेच्चारोस्सा’ ह्या सरकारी कंपनीच्या गाड्या धावतात, तशा २०१२ पासून ‘इतालो’ नावाच्या खाजगी गाड्याही धावतात. त्यांना हा पास चालत नाही.

तीच तिकिटं आधी सुटी घेतली तर? रोम-फ्लॉरेन्सचं तिकीट लवकर घेतल्यास वीस ते तीस युरोंना मिळतं, ऐनवेळी पन्नासाच्या पुढे जातं. विमानासारखंच आहे हे. आमच्यासाठी सुटी तिकिटंच बरी, हे वहीनंच सांगितलं.

पण म्हणून पास वाईट, असं म्हणू नका हं. माझी धाकटी जाऊ स्वित्झर्लंडला गेली, तिचा हिशेब बरोबर उलटा निघाला. तिथं साधी तिकिटं महाग, बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही, आणि ‘स्विस ट्रॅव्हल पास’मध्ये आगगाडीबरोबर तळ्यांतल्या बोटी, बसगाड्या आणि शेकडो संग्रहालयंही येतात. रोज नव्या गावी जाणाऱ्याला तो पास फायद्याचा. आपला कार्यक्रम आधी कागदावर मांडावा, मग पासाचं ठरवावं.

आधी व्हिसा, मग तिकीट

इथं एक पेच पडतो. इटलीतली तिकिटं साधारण चार महिने आधी विक्रीला येतात आणि जितकी लवकर घ्यावीत तितकी स्वस्त. पण सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. व्हिसाच नाकारला तर?

त्यावर उपाय असा. शेन्गेन व्हिसाचा अर्ज निघण्याआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. तेव्हा व्हिसाची तारीख लवकरची धरा. अर्जासाठी प्रवासाचा तपशील, राहण्याचा पुरावा आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. आगगाडीची तिकिटं मात्र पासपोर्ट शिक्का मारून घरी आल्यावरच काढा. आम्ही प्रवासाच्या सहा आठवडे आधी काढली, तरी चांगल्या दरात मिळाली.

स्वस्त गाडी महाग कशी पडते

रोमहून सकाळी सहाची गाडी माणशी अठरा युरोंना होती आणि साडेनऊची अठ्ठावीसला. मी लगेच सहाची घेणार होते. हे म्हणाले, “अगं, स्टेशनवर जायचं कसं?” मग वही पुढे ओढली. इतक्या पहाटे बॅगा घेऊन मेट्रोचा भरवसा नाही, म्हणजे टॅक्सी, वीस युरो. हॉटेलच्या भाड्यातली न्याहारी बुडणार, ती स्टेशनवर विकत घ्यायची. आणि फ्लॉरेन्सला साडेसातला पोचून करायचं काय, खोली तर दुपारी मिळणार! दोघांचे मिळून वाचणारे वीस युरो टॅक्सीतच संपले. आम्ही साडेनऊची गाडी घेतली आणि पोटभर खाऊन निघालो.

स्टेशनवर

तिकिटावर आणि फलकावर इंग्रजी नावं शोधू नका. फ्लॉरेन्स म्हणजे ‘फिरेन्झे’, व्हेनिस म्हणजे ‘व्हेनेझिया’. फलकावर ‘पार्तेन्झे’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या आणि ‘बिनारिओ’ म्हणजे फलाट. फलाटाचा आकडा बरेचदा गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो, तेव्हा घाबरू नका. फलकावर गाडीच्या शेवटच्या स्टेशनाचंच नाव असतं. पुण्याला जायचं तर आपण सोलापूरच्या गाडीत बसतोच की! तसंच रोमहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या गाडीवर मिलानचं नाव दिसेल. गाडीचा नंबर तिकिटाशी जुळवा, म्हणजे झालं.

फ्लॉरेन्सहून पिसाचा कलता मनोरा बघायला जाल, तेव्हा ‘रेजोनाले’ नावाची साधी गाडी असते. तिचा दर ठरलेला, माणशी नऊ-दहा युरो. आधी काढून काही वाचत नाही, म्हणून हवा बघून त्या दिवशी काढा. पण कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. तो मारला नाही, तर तिकीट असूनही दंड! शिक्क्यानंतर ते चार तास चालतं. फोनवरच्या तिकिटाचा नियम वेगळा, तो घेतानाच नीट वाचावा.

व्हेनिसची दोन स्टेशनं आहेत. ‘मेस्त्रे’ हे जमिनीवरच्या गावातलं. तिथं हॉटेलं स्वस्त. खरं व्हेनिस म्हणजे ‘सान्ता लुचीया’, दहा-बारा मिनिटं पुढे. नाव ऐकून घाईनं मेस्त्रेला उतरणारे पुष्कळ!

आणखी एक. तिथं आगगाड्यांचे संप अधूनमधून होतात, पण आधी जाहीर होऊन. संपाला ‘शोपेरो’ म्हणतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ह्या वेळात लोकांच्या जाण्यायेण्याच्या साध्या गाड्या चालवतात. निघण्याच्या आदल्या रात्री हॉटेलात विचारून ठेवावं.

वहीत नसलेला खर्च

आता माझी चूक सांगते. इतका हिशेब केला, आणि फ्लॉरेन्सहून निघताना मी पंधरा युरो वाचवायला गेले. हॉटेल स्टेशनपासून वीस मिनिटांवर होतं. म्हटलं, टॅक्सी कशाला, चालत जाऊ. पण तिथले रस्ते दगडी फरशीचे. बॅगेची चाकं अडकत होती. त्यात एक वळण चुकलं. स्टेशन दिसलं तेव्हा गाडीला सहा मिनिटं राहिली होती आणि तिकीट तर पैसे परत न मिळणारं. मी म्हटलं, “अहो, जरा भरभर!” आणि माझ्या हातातली मोठी बॅग ओढून घेऊन हे धावले.

गाडी मिळाली. आसनावर बसल्यावर ह्यांनी डोळे मिटले आणि हात छातीवर ठेवला. चेहरा पांढराफटक. मी पाण्याची बाटली उघडली, पण माझेच हात थरथरत होते. दहा मिनिटांनी हे म्हणाले, “काही नाही गं, नुसता दम लागलाय.” खरंच तेवढंच होतं. पण ती दहा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. पंधरा युरो! आपले जेमतेम पंधराशे रुपये!

मेस्त्रे मागे पडलं आणि गाडी १८४६ साली बांधलेल्या त्या लांब पुलावर आली. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. हे खिडकीशी सरकले. स्टेशनातून बाहेर पडलो, तो समोर रस्ता नाहीच, सरळ मोठा कालवा! आम्ही स्टेशनच्या पायऱ्यांवरच बराच वेळ बसून राहिलो. बघायच्या यादीतलं एक ठिकाण त्या दिवशी खुशाल खोडलं.

त्या रात्री वहीत मी एक नवा रकाना आखला : ‘न धावण्याचा खर्च’. स्टेशनवर जायची टॅक्सी, सामान एकेकच आणि स्वतःला उचलेल एवढंच, स्टेशनवर गाडीच्या आधी पाऊण तास, आणि गाडी चुकलीच तर ऐनवेळी दोन तिकिटं काढण्याइतके पैसे वेगळ्या पाकिटात.

आमच्या दोघांचा हिशेब असा झाला :

मोठे तीन प्रवास : १५० युरो
पिसाला जाऊन-येऊन : ४० युरो
स्टेशनच्या टॅक्सी व बोट : ७५ युरो
स्टेशनवरचं चहापाणी, स्वच्छतागृह : १५ युरो
अडीअडचणीचं पाकीट : १२० युरो
एकूण : ४०० युरो

हा २०२४ सालच्या ऑक्टोबरमधला हिशेब. तुम्ही जाल तेव्हा दर पुन्हा पाहून घ्या. युरोचा भाव रोज बदलतो. सोपं जावं म्हणून मी शंभर रुपये धरला, म्हणजे चाळीस हजार. शेवटचं पाकीट न फोडता घरी परत आलं.

तेव्हा मैत्रिणींनो, काटकसर जरूर करा. तिकीट लवकर काढा, पास तपासून घ्या, शिक्का मारायला विसरू नका. पण ज्या माणसाबरोबर जायचं, त्याच्या गुडघ्यांचा, श्वासाचा आणि झोपेचा आकडाही त्याच वहीत मांडा. ह्यांनी आता स्वित्झर्लंडचा नकाशा आणलाय. वहीचं नवं पान मी उघडलंय, आणि ह्या वेळी टॅक्सीचा रकाना सगळ्यात वर आहे.